राजाला मारा, गाईवर क्लिक करा!

'डायब्लो'मधल्या ट्रिस्ट्रम गावात काही गाई उभ्या असायच्या. गावाखालच्या भुयारात राक्षसांचा सुळसुळाट, आणि वर ह्या निवांत. क्लिक केलं की हंबरायच्या, बस्स. १९९७ च्या सुरुवातीला गेम लोकांच्या हाती पडला आणि अफवा सुटली, की गाईवर ठरावीक वेळा क्लिक केलं तर गुप्त दार उघडतं आणि पलीकडे गाईंची अख्खी लेव्हल आहे. किती वेळा? ज्याचा त्याचा आकडा वेगळा. लोकांनी माऊस झिजवले.

बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने थट्टेवारी न्यायचं ठरवलं. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट' ह्या दुसऱ्याच गेममध्ये त्यांनी एक चीट कोड ठेवला. 'गाईंची लेव्हल नाहीच' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य टाईप करायचं, की चालू मोहीम फत्ते. एवढा ठासून नकार दिल्यावर संशय वाढणारच. अखेर २००० साली 'डायब्लो २'मध्ये गाईंची लेव्हल खरोखर आली. दोन पायांवर चालणाऱ्या, हातात परशू घेतलेल्या गाईंचे कळपच्या कळप अंगावर धावून येतात. आत शिरायला लागतो विर्टचा लाकडी पाय. विर्ट म्हणजे पहिल्या भागातलं ते आगाऊ कार्टं. आपल्याकडची एकुलती एक वस्तू नुसती दाखवायचेच ५० मोहरा घ्यायचं, वर वस्तू बहुधा निरुपयोगी. दुसऱ्या भागात तो मेलेला सापडतो. पाय उचलताना हळहळलेला खेळाडू मला अजून भेटायचाय.

ह्या गेमना गेमर मंडळी 'आरपीजी' म्हणतात. एक पात्र घडवायचं, योद्धा, जादूगार, चोर, जे हवं ते, आणि त्याला घेऊन भुयारं धुंडाळायची. मूळ प्रेरणा १९७४ चा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे कागद, फासे आणि गप्पांवर चालणारा खेळ. पण संगणकावर आल्यावर ह्या गेमचा निम्मा इतिहास घडवला तो खेळणाऱ्यांच्या कुरकुरींनी आणि उचापतींनी.

खोटं नाव, खरा गेम

अगदी पहिल्यांपैकी एक गेम १९७५ चा. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' ह्या संगणकजाळ्यावर रस्टी रदरफर्डने तो लिहिला. जाळं अभ्यासासाठी, त्यामुळे खेळ दिसला की तो पुसून टाकला जाई. म्हणून त्याचं नाव ठेवलं 'पेडिट५'. एवढं रुक्ष नाव पाहून आत कुणाला राक्षस दिसणार? तरी तो पुसला गेलाच. आणि पुन्हा टाकलाही गेला.

राजा मेला! पुन्हा मेला!

रिचर्ड गॅरियट हा अंतराळवीराचा मुलगा. वडील ओवेन गॅरियट १९७३ मध्ये स्कायलॅबवर राहून आले होते, आणि २००८ मध्ये मुलगाही स्वतःचे पैसे भरून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. हायस्कुलात असताना त्याने 'अकालाबेथ' लिहिला. उन्हाळ्यात ज्या संगणकाच्या दुकानात काम करायचा तिथेच झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घालून विकायला ठेवला. पुढे एका प्रकाशकाने तो उचलला आणि प्रत्येक प्रतीमागे ५ डॉलर दिले. प्रती खपल्या ३०,००० च्या आसपास. गणित तुम्हीच करा. कॉलेजची फी सुटली एवढं नक्की.

त्यानंतर आली 'अल्टिमा' मालिका. तिच्यात गॅरियटने स्वतःलाच राजा करून टाकलं, लॉर्ड ब्रिटिश. राजा अवध्य असावा ही त्याची इच्छा, आणि त्याला कसं मारता येईल हा खेळाडूंचा ध्यास. शेवटी गेम बनवणारेही सामील झाले. 'अल्टिमा ७'मध्ये राजा फेरफटका मारताना एका दारातून जातो. नेमक्या त्या क्षणी दारावरच्या पाटीवर डबल-क्लिक करायचं. पाटी डोक्यात, राजा खलास. हे गेम काढणाऱ्या ओरिजिन कंपनीच्या कचेरीत खऱ्या गॅरियटच्या डोक्यावर दारावरचा एक लोखंडी तुकडा पडला होता, त्याची ही आठवण. सहकाऱ्यांचं प्रेम!

सगळ्यात गाजलेला मृत्यू मात्र ठरवून झालेला नव्हता. ऑगस्ट १९९७, 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी. राजा सौधावरून प्रजेला दर्शन देतोय. त्याआधी सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू झाला होता आणि अवध्यतेची खूण लावायला गॅरियट विसरला होता. गर्दीतल्या 'रेन्झ' नावाच्या खेळाडूने चोरलेल्या मंत्रपटातून आग सोडली आणि महाराज आडवे झाले. कंपनीच्या बिथरलेल्या मंडळींनी राक्षस सोडले, आणि त्यांनी बिचाऱ्या निरपराध बघ्यांना झोडपून काढलं. रेन्झला चाचणीतून काढण्यात आलं. कंपनीचं म्हणणं, त्याने आधी गेममधल्या त्रुटींचा गैरफायदा घेतला होता. खेळाडूंचं म्हणणं, राजाला मारलं म्हणून. माझं मत विचाराल तर त्याला सरदारकी द्यायला हवी होती.

पुण्याचा हिशेब

ह्याच मालिकेतला १९८५ चा 'अल्टिमा ४' मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आधीच्या भागांत खेळाडू बिनदिक्कत दुकानं लुटायचे, गावकरी कापायचे आणि शेवटी जगाचे तारणहार म्हणून मिरवायचे. खेळाडूंच्या आणि त्यांच्या पालकांच्या पत्रांतून गॅरियटला हे कळलं आणि त्याने चक्रावून टाकणारी गोष्ट केली. ह्या गेममध्ये मुख्य खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं. हो, आपल्या दशावतारातलाच. कल्पना त्याने हिंदू परंपरेतूनच घेतली. देवळांत जाऊन ध्यान लावायचं, प्रत्येक सद्गुणाचा मंत्र वेगळा. अध्यात्माचा कोणता? 'ओम'.

खरी गंमत पुढे आहे. जादूच्या वनस्पती विकणारी एक बाई आंधळी आहे. पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. एका मोहरेत पोतंभर माल घेतला तरी ती आभारच मानते. पडद्यावर काही दिसत नाही, कुणी ओरडत नाही. पण आत प्रामाणिकपणाचा आकडा गुपचूप घसरतो. कित्येक तासांनी राजवाड्यातल्या द्रष्ट्याला विचारायला गेलात, की तो तुमची लक्तरं काढतो. १९८५ साली, एवढ्याशा मेमरीत! पुढच्या कितीतरी कोट्यवधी डॉलरच्या गेमनी 'चांगला की वाईट' अशी पट्टी पडद्यावर लावून ठेवली. त्यात ही चोरटी भीती नाही.

मालिकेचा शेवट दुःखद. 'अल्टिमा ८'मध्ये (१९९४) उड्या मारत दगडांवरून जायचं होतं. लोक इतके वैतागले की त्यांनी अवताराला मारिओच्या पंक्तीत नेऊन बसवलं, आणि ओरिजिनला उड्या सोप्या करणारा पॅच काढावा लागला. १९९९ च्या 'अल्टिमा ९'मध्ये तर कहर. आठ-आठ भाग धर्मयुद्ध खेळलेला हा वीर निरागसपणे विचारतो, की पॅलाडिन म्हणजे काय असतं? पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, आणि चौथ्या भागात पात्र घडवताना तोच पेशा तुमच्या वाट्याला येऊ शकत होता. हा प्रश्न जुन्या चाहत्यांनी आजवर माफ केलेला नाही.

जाता जाता: 'अल्टिमा ७'मधली दुष्ट शक्तीची तीन यंत्रं म्हणजे घन, गोल आणि चतुष्फलक. चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण हा तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या प्रतिस्पर्धी कंपनीचा लोगो. खुनी जोडगोळीची नावं एलिझाबेथ आणि अब्राहम; आद्याक्षरं ई आणि ए. गेम १९९२ मध्ये आला, आणि त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ओरिजिन विकत घेतली.

फ्लॉपी ओढा!

'विझर्ड्री' (१९८१) कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांचा, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड. खलनायक वर्डना आणि राजा ट्रेबॉर. दोन्ही नावं इंग्रजीत उलटी लिहून बघा. सहा जणांची टोळी भुयारात उतरवायची, आलेख-कागदावर नकाशा काढायचा आणि मेलात तर मेलात. मृत्यूची नोंद थेट फ्लॉपीवर. ह्यावर खेळाडूंचा उपाय असा, की टोळी मरताना दिसली की ड्राइव्ह फिरायच्या आत फ्लॉपी उपसून काढायची. हाताचा वेग हीच खरी विद्या. मात्र जादूने उडी मारताना आकडे चुकून सगळे खडकात गाडले गेले, की पात्रं कायमची गेली.

ज्यांच्या डिस्का बिघडायच्या ते त्या दुरुस्तीसाठी 'विझर्ड्री' काढणाऱ्या सर-टेक कंपनीकडे पाठवायचे. १९८७ च्या चौथ्या भागात तुम्हीच वर्डना असता, भुयाराच्या तळातून वर निघालेले. वाटेत अडवणारे 'सज्जन वीर' कोण? त्या दुरुस्तीला आलेल्या डिस्कांवरची खऱ्या खेळाडूंची पात्रं! हा भाग इतका कठीण, की कित्येकांना पहिल्या खोलीतूनच बाहेर पडता आलं नाही. दार दिसत नाही, ते दिसायला उजेडाचा मंत्र हवा, तो वर्डनाला येत नाही, म्हणून तो येणारे पुजारी बोलवायचे. ह्याला आव्हान म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. मी छळ म्हणेन.

जपानमध्ये 'विझर्ड्री'चं वेड लागलं. युजी होरी त्यावर आणि 'अल्टिमा'वर पोसला गेला, आणि त्याने १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला. जपानी आरपीजींचा सारा पसारा तिथून फोफावला.

काही चुटके

'द बार्ड्स टेल' (१९८५) मध्ये एका किल्ल्यात ९९-९९ च्या चार टोळ्या एकदम भेटतात, म्हणजे ३९६ माथेफिरू योद्धे. पळून जाणं शहाणपणाचं. खेळाडूंनी उलट केलं. लढाई परत परत होते हे कळल्यावर ते तिथेच ठाण मांडून बसले आणि एका मंत्रात सगळे झोपवून अनुभवाचे गुण लुटत राहिले.

'पूल ऑफ रेडियन्स'सोबत (१९८८) एक छापील पुस्तिका यायची. गेम सांगणार, की अमुक क्रमांकाचा मजकूर वाचा. आगाऊपणे सगळी पुस्तिका वाचून काढणाऱ्यांसाठी त्यात चक्क खोट्या नोंदी पेरलेल्या होत्या.

'नेटहॅक' (१९८७ पासून, अजून जिवंत) तुमच्या संगणकाचं घड्याळ बघतो. पौर्णिमा असेल तर नशीब फळफळतं, १३ तारखेला शुक्रवार आला तर प्रार्थनासुद्धा अंगाशी येते. कॉकाट्रिस नावाच्या प्राण्याला हात लागला की माणूस दगड होतो. म्हणून खेळाडू हातमोजे घालून त्याचं मढंच शस्त्र म्हणून फिरवतात. झकास युक्ती, फक्त जास्त ओझं घेऊन जिना उतरू नये. पाय घसरतो, मढं अंगावर पडतं आणि तुमचाच पुतळा होतो.

'बॉल्डर्स गेट' (१९९८) काढणारी बायोवेअर कंपनी स्थापणाऱ्यांत कॅनडातले तीन डॉक्टर होते. संवाद म्हणायचं पात्र खेळाडूने आधीच मारून टाकलं असेल तर? त्यांनी 'बिफ' नावाचा बदली नट तयार ठेवला होता. आयत्या वेळी येतो, वाक्यं म्हणतो, जातो. आपल्या हौशी नाटकांतल्या प्रॉम्प्टरसारखा. ह्याच गेमची पोलिश आवृत्ती नामवंत नटांच्या आवाजात काढून सीडी प्रोजेक्ट कंपनी नावारूपाला आली, आणि २००७ मध्ये तिने 'द विचर' आणला.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९): शब्द सुमारे आठ लाख, नायक मरू न शकणारा, लढाया भिकार. तेव्हा बेताचाच खपला. आज सर्वोत्तम कथेच्या यादीत हटकून असतो, आणि रास्तच आहे.

तक्रार नोंदवली, संत घडवला

'एल्डर स्क्रोल्स' ही मालिका काढणारे बेथेस्डावाले तक्रारी पुरवून वापरतात. १९९६ च्या 'डॅगरफॉल'चं जग सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर सांगितलं जातं, म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. त्यात खेड्यांची रेलचेल, पण एक खेडं दुसऱ्यासारखं. आणि चालता चालता जमिनीतून आरपार पोकळीत पडायची सोय. शेवट अनेक होते. पुढच्या भागासाठी खरा कुठला धरायचा? लेखकांनी जाहीर केलं, की काळालाच तडा गेला आणि सगळे एकाच वेळी घडले. असा पळपुटेपणा करायलाही प्रतिभा लागते.

२००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी होते. दोन पावलं चालावं तर डोक्यावर किंचाळत हजर. जगभरच्या खेळाडूंचं ज्यावर एकमत झालं अशी ही दुर्मीळ गोष्ट. चार वर्षांनी 'ऑब्लिव्हियन'मध्ये बातमी कानावर येते, की ज्यूब नावाच्या माणसाने क्लिफ रेसरना हाकलून लावलं आणि त्याला संतपद मिळालं. हा ज्यूब म्हणजे 'मॉरोविंड'च्या सुरुवातीला जहाजावर तुम्हाला उठवणारा फाटका कैदी. २०१२ मध्ये 'स्कायरिम'च्या पुरवणीत त्याचा आत्माही भेटतो, आणि आत्मचरित्राची हरवलेली पानं शोधून आणायला सांगतो.

एवढे तत्पर लोक एका बाबतीत मात्र बधले नाहीत. २००६ मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन'साठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. गेमचे पैसे मोजल्यावर वर घोड्याच्या पोशाखाचे वेगळे? आरडाओरडा झाला, आणि चिलखत खपलंही. २००९ च्या एक एप्रिलला कंपनीने सगळ्या पुरवण्या निम्म्या किमतीला लावल्या, फक्त घोड्याचं चिलखत दुप्पट भावाने. २०२५ मध्ये 'ऑब्लिव्हियन'ची नवी झळाळती आवृत्ती आली. तिच्या जास्त किमतीच्या डिलक्स संचात बाकीच्या ऐवजासोबत आहेत घोड्यांची नवी चिलखतं.