उपचय आणि सार

पुरुष रुग्णाच्या उजव्या हाताची नाडी पाहण्यापूर्वी आमच्या भागातील वैद्याला पुष्कळदा एक पूर्वकर्म करावे लागते. मनगटावरचे सोन्याचे जाडजूड कडे कोपराकडे सरकवावे लागते. भोसरी, मोशी, चऱ्होली ते चाकण या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधूंना हा अनुभव नवा नाही. कडे सरकवल्यावर खाली जी नाडी लागते, ती मात्र त्या कड्याशी नेहमीच मेळ खाते असे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९८२ साली येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या अर्धशतकात ज्वारी-बाजरी आणि कांदा पिकवणारी जमीन एकरांऐवजी गुंठ्यांनी मोजली जाऊ लागली आणि ‘गुंठामंत्री’ हा शब्द मराठीत रूढ झाला. २०१२-१३ च्या सुमारास भोसरीचे दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून अधिक वजनाचा, सुमारे सव्वा कोटी रुपयांचा सोन्याचा सदरा शिवून घेतला व त्याची वार्ता जगभर गेली. जुलै २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या दुःखद अंतावर भाष्य करण्याचा आमचा हेतू नाही. पुढे जुलै २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, याच शहरातील एका गृहस्थांनी जवळजवळ तीन लाख रुपयांची सोन्याची मुखपट्टी करून घेतली. विषाणूपासून रक्षण हे मुखपट्टीचे प्रयोजन. पण तेथेही पाहणाऱ्याची दृष्टी हेच प्रयोजन ठरले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयुर्वेद धनाचा द्वेष करीत नाही. चरकाचार्यांनी तीन एषणा सांगताना प्राणैषणेनंतर लगेच धनैषणेला स्थान दिले आहे. दीर्घायुष्य लाभूनही जवळ साधन नसणे यासारखे दुःख नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. शेती, पशुपालन, व्यापार, राजसेवा ही अर्जनाची साधनेही त्यांनी सांगितली आहेत. आग्रह आहे तो केवळ क्रमाचा : आधी प्राण, मग धन. हा क्रम उलटला की धन अंगावर दिसते आणि प्राण झिजू लागतो.

मग खरी संपत्ती ओळखावी कशी? त्याचे उत्तर विमानस्थानातील सारपरीक्षेत आहे. केवळ शरीर पाहून वैद्याने फसू नये, असे आचार्य बजावतात. पुष्ट दिसतो म्हणून बलवान आणि कृश दिसतो म्हणून दुर्बळ, हे अनुमान चुकते. लहानशी मुंगी मोठा भार वाहून नेते, हा त्यांचा दृष्टांत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. उपचय वेगळा, सार वेगळे. मांससार पुरुषाच्या लक्षणांत वित्ताचा उल्लेख आहे. पण त्याच्याच पंक्तीला क्षमा, धृती आणि अलौल्य म्हणजे निर्लोभता आहे. मेदसाराच्या लक्षणांत ऐश्वर्याबरोबर दानही आहे. आचार्यांच्या दृष्टीने ही सर्व लक्षणे एकाच साराची आहेत. औषधविक्रेत्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रमेहात वापरायचा असनसार झाडाच्या गाभ्यातून येतो. साल कितीही जाड असली तरी ती गाभ्याची जागा घेत नाही.

आमच्याकडे जमीन विकलेले एक पन्नाशीचे गृहस्थ प्रमेहासाठी येत. बोटातील अंगठी शोथामुळे निघत नव्हती आणि पायाची जखम भरत नव्हती. आहार-विहाराविषयी काही सांगितले की ते हसून म्हणत, “डॉक्टर, औषध भारीतलं द्या, पैशाची काळजी करू नका.” काही महिन्यांनी ते आले तेव्हा कडे नव्हते. घरच्या लग्नानंतर ते गहाण पडल्याचे त्यांच्या पत्नीने हळूच सांगितले. त्याच सुमारास चाकणच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी नातवाला घेऊन येत. अंगाने काटकुळ्या, पण अग्नी सम, झोप शांत. पदराच्या गाठीतून पैसे मोजून देत आणि कधी कधी म्हणत, “त्या बाहेर बसलेल्या पोरीचंही यातच घ्या, तिच्याकडं आज नसतील.” सत्त्वसाराची लक्षणे ग्रंथात शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही या आजींकडे पाठवले असते.

परंतु दुसऱ्याच्या कड्याकडे बोट दाखवणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी आम्हीही कर्ज काढून चिकित्सालय सजवले. काचेचे दालन, नक्षीदार छत, वातानुकूलन! ‘मोठा डॉक्टर’ दिसावा ही इच्छा त्यामागे होती, हे मान्य केले पाहिजे. शेजारचे औषधविक्रेते वयाने वडील. त्यांचे दुकान जुने, फळीवर धूळ; पण गुळवेल ताजी, आणि माल संशयास्पद वाटला तर स्वतःचे नुकसान सोसून परत पाठवणारे. एके दिवशी त्यांनी आपली चोपडी आमच्यापुढे ठेवली व एवढेच म्हणाले, “वैद्यराज, जरा तारखा बघा.” कर्जाच्या हप्त्याच्या आठवड्यात आमच्या चिठ्ठ्यांवर सुवर्णकल्प अधिक येत होते. रुग्णांचे व्याधी काही महिन्याच्या त्या आठवड्यातच बळावत नव्हते! त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमचेही कडे सरकवून कुणीतरी नाडी पाहिली होती.

सुवर्णाचे आपल्या शास्त्राशी वैर नाही. मात्र शोधन झाल्यावाचून व अग्नीतून गेल्यावाचून त्याचे भस्म होत नाही, आणि झाल्यावरही ते मिलिग्रॅमनेच द्यायचे असते. आवश्यकता असेल तेथे ते अमृत. हप्त्यासाठी दिले तर ती रुग्णाची वंचना. चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीची रास जवळ करतो, असे चरकाचार्य सांगतात. ती रास आमच्या काचेच्या दालनात साचू लागली होती. पुढे आम्ही सुवर्णकल्प लिहिताना त्याचे कारण रुग्णपत्रिकेत नोंदवण्याचा नियम केला. हप्ते फिटायला अधिक काळ लागला, झोप मात्र लवकर परतली.

चाकणहून तळेगावकडे जाताना देहू वाटेजवळच आहे. वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते तुकाराम महाराजांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आपणा सर्वांना तेवढे साधणार नाही. आपली चोपडी मात्र महिन्यातून एकदा उघडून, तारखांसह, स्वतःच तपासता येईल. रुग्णाची सारपरीक्षा करण्याचा अधिकार त्यानंतरचा.

इत्यलम्।