थंड पाण्यातलं पहिलं मिनिट

पारा दहाच्या खाली उतरला की मराठवाड्यात शेकोट्यांचे फोटो छापून येतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पाहुण्या पक्ष्यांसाठी पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर गर्दी होते. तिथल्या पाण्याच्या गारठ्याची धास्ती मात्र कुणालाच नसते. हायपोथर्मिया हा बर्फाळ देशांतला प्रकार, अशी आपली समजूत. ती अर्धी खरी आहे. जायकवाडीच्या पाण्यात शरीराचं तापमान ३५ अंशांखाली जायला, म्हणजे हायपोथर्मिया व्हायला, बराच वेळ लागेल. पण पाण्यात पडलेला माणूस तोवर तगायला तर हवा! पोर्ट्समथ विद्यापीठाचे शरीरक्रियातज्ज्ञ माइक टिप्टन वर्षानुवर्षं हेच बजावत आले आहेत. कातडीला एकदम गार पाणी लागलं की माणूस आपसूक मोठा श्वास ओढतो आणि धापा टाकू लागतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात शिरतं. या धक्क्याची सुरुवात २५ अंशांखालच्या पाण्यातच होते. म्हणजे आपला हिवाळाही त्यातून सुटत नाही.

पट्टीच्या पोहणाऱ्याला काय होतंय, असं कुणी म्हणेल. ब्रिटिश गृहखात्याच्या १९७७च्या अहवालानुसार, तिथं उघड्या पाण्यात दगावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आधारापासून अवघ्या तीन मीटरच्या आत बुडाले होते आणि दोन तृतीयांश जण चांगले पोहणारे होते. मग जन्म पाण्यात काढलेले मच्छीमार लाइफ जॅकेटवाचून कसे वावरतात? त्यांचं शरीर सरावलेलं असतं. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनीही हा धक्का निम्म्यावर येतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. सुटीपुरत्या आलेल्या पर्यटकाकडे ही शिदोरी नसते. शिवाय सराव वाऱ्याला रोखत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं होडी उलटली आणि सहा जण गेले, तेही ऐन उन्हाळ्यात.

म्हणून पाण्यात पडल्यावर आधी हातपाय मारू नयेत. उताणं तरंगावं, श्वास ताळ्यावर आला की मग काठाचा विचार करावा. हे जमायला जॅकेट आधीच अंगावर घट्ट बांधलेलं हवं, धापा टाकत ते चढवता येत नाही. बाहेर काढलेल्याला आडवं ठेवावं, ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळावं. हातपाय चोळणं आणि दारूचा घोट, दोन्ही घातकच. जॅकेट न बांधलेला प्रवासी दिसला तर होडी काठावरून हलूच नये, एवढा एक नियम प्रशासनानं कडकपणे पाळायला लावला, तरी धोक्याच्या सूचनांच्या फलकांपेक्षा जास्त जीव वाचतील.