एक्सप्लेनर : रेशनऐवजी खात्यात १७० रुपये! बुलढाण्याने शेजारच्या प्रयोगातून काय शिकावं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून रेशनच्या गहू-तांदळाऐवजी थेट बँक खात्यात पैसे दिले जातात. गरिबाच्या हातात रोख रक्कम दिली तर गरिबी हटते का? जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशात एका संस्थेने २०११ मध्येच हे गावागावांत तपासून पाहिलं होतं. काय होता तो प्रयोग? समजून घेऊया.

बुलढाण्यात नेमकं काय बदललं?

शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांमध्ये बुलढाण्याचा समावेश आहे. या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायचं. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये किलो. २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेतून हे धान्य मिळणं थांबलं. मग राज्य सरकारने जानेवारी २०२३ पासून माणशी १५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली.

हिशेब सोपा आहे. पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याला ८५० रुपये. माणशी १७० रुपयांना ५ किलोंनी भागलं तर किलोमागे ३४ रुपये.

रेनाना झाबवाला कोण?

इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला असंघटित कामगार महिलांसाठी ‘सेवा’ ही संघटना सुरू केली. रेनाना झाबवाला १९७७ मध्ये तिथे आल्या आणि पुढे ‘सेवा भारत’चं नेतृत्व त्यांनी केलं. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ गाय स्टँडिंग यांच्यासोबत आणि युनिसेफच्या मदतीने ‘सेवा’ने मध्य प्रदेशात हा प्रयोग केला.

प्रयोग कसा झाला?

इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत प्रत्येक रहिवाशाला दरमहा पैसे दिले गेले. प्रौढांना २०० रुपये, मुलांना १००. वर्षभरानंतर ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईकडे. जात, जमीन, उत्पन्न काहीच विचारलं नाही आणि पैसे कशावर खर्च करायचे हेही सांगितलं नाही. एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना करण्यात आली.

निकाल काय लागला?

‘फुकटचे पैसे दारूत जातील’ ही भीती खोटी ठरली. दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. मुलांचं वजन सुधारलं, त्यातही मुलींचं जास्त. शाळेवरचा खर्च वाढला. लोकांनी काम सोडलं नाही. उलट अनेकांनी मजुरीसोबत स्वतःच्या शेतीकडे जास्त लक्ष दिलं. बियाणं, जनावरं घेतली, कर्जाचा भार हलका केला.

मग बुलढाण्यातही तसंच होईल?

इथे तीन फरक आहेत.

१. मध्य प्रदेशात पैसे रेशनच्या जोडीला होते, बुलढाण्यात रेशनच्या जागी आहेत. त्यामुळे इथली रक्कम आधी दुकानातल्या धान्यावरच खर्च होते. बियाणं किंवा कर्जफेडीसाठी हातात काय उरणार?

२. तिथे गावातल्या सगळ्यांना पैसे मिळाले. इथे कार्डचा रंग आणि सातबारा पाहिला जातो. केशरी कार्ड असलेल्या भूमिहीन मजुराला ही रक्कम मिळत नाही.

३. बाजारात भाव वाढले तरी रक्कम आपोआप वाढत नाही. त्यासाठी नवा शासन निर्णय लागतो.

रेशनऐवजी रोख रक्कम नेहमीच फसते असंही नाही. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये ‘सेवा’ने काही कुटुंबांना रेशनऐवजी महिन्याला १००० रुपये दिले होते. त्यांचं खाणं कमी झालं नाही. पण ती कुटुंबं स्वतःहून तयार झाली होती. बुलढाण्यात असा पर्याय कुणी विचारला नव्हता.

लाडकी बहीण योजना म्हणजे हमी उत्पन्नच का?

जुलै २०२४ पासूनची ही योजना त्याच्या जवळ जाते. १५०० रुपये दरमहा आणि खर्चावर अट नाही. पण वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा अटी आहेत. हमी उत्पन्नात पात्रतेची अशी चाळणी नसते. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात या कल्पनेवर स्वतंत्र प्रकरण होतं. मोठा अडथळा खर्चाचा.

थोडक्यात काय?

मध्य प्रदेशचा प्रयोग मोजक्या गावांत, दीड वर्षापुरता होता. तरी गरीब माणूस हातातला पैसा वाया घालवत नाही, हे त्यातून दिसलं. बुलढाण्यात आता प्रश्न रकमेचा आहे. आपल्या गावच्या दुकानात ३४ रुपयांत किलोभर चांगला तांदूळ मिळतो का, एवढं विचारून पाहा.