शटर जड झालंय? स्प्रिंगला हात लावू नका!

जबलपूरच्या गोरखपूरमध्ये राहा नाहीतर पुण्यात, गाडी ठेवायच्या खोलीला बऱ्याचदा लोखंडी रोलिंग शटरच असतं. एवढं वजन तुम्ही सहज उचलता, कारण वरच्या पाइपवरच्या पिळलेल्या स्प्रिंगा त्यातलं बरंचसं पेलतात. शटर खाली येताना स्प्रिंग आवळत जाते. म्हणजे बंद शटरमध्ये ताण सर्वांत जास्त! तेव्हा ब्रॅकेटचे नट सैल केले, तर पाइप गर्रकन फिरून हात मोडू शकतो.

शटर अचानक जड झालं किंवा अर्ध्यावरून आपोआप घसरू लागलं, तर स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली असेल. मुलांना खालून जाऊ देऊ नका. बाजूच्या पट्ट्यांत ग्रीस खुशाल लावा, पण स्प्रिंग बसवायला शटरवालाच बोलवा. त्याला फोनवर रुंदी-उंचीबरोबर पत्र्याची जाडीही सांगा, स्प्रिंग त्या वजनावरच ठरते.