घाम, ओकारी आणि डोळ्याची बाहुली : शेतातील रोग्याची लक्षणे कशी पाहावीत

द्राक्षबागेत फवारणी करून दुपारी परतलेला इसम ओसरीवर बसतो, घामाने निथळतो आणि दोन-तीनदा ओकतो. घरची मंडळी म्हणतात, पित्त खवळले. आणि लिंबाचे सरबत देऊन त्यास निजवितात. पित्त हा शब्द आपल्याकडे इतका सोयीचा झाला आहे की, त्याच्या आड निदान चार-पाच प्राणघातक विकार सहज लपून राहतात. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी ह्या टापूत ऊस व द्राक्षे ही मुख्य पिके असून, शेतात राबणाऱ्या मनुष्यास एकाएकी घाम व ओकारी होण्याची कारणेही बहुतेक ह्या पिकांच्या कामाशीच बांधलेली असतात. त्यांतील भेद घरच्या घरी पूर्णपणे ओळखून औषध करावे, असा ह्या लेखाचा हेतू नाही. डॉक्टरांकडे जाण्यास विलंब होऊ नये व गेल्यावर त्यांस नेमके काय सांगावे हे कळावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच आहे.

प्रथम फवारणीच्या विषाचा विचार करू. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही कीटकनाशके एकाच घराण्यातली, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय होत. मज्जातंतूने स्नायूस किंवा ग्रंथीस दिलेला निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक द्रव्य आपल्या शरीरात असते. ही विषे नेमके त्या द्रव्यास निकामी करितात. निरोप पुसला जात नाही, म्हणून ग्रंथी थांबत नाहीत. घाम, लाळ, अश्रू, नाकाचे पाणी, ओकारी, जुलाब असे सर्व बाजूंनी शरीर जणू पाझरू लागते. छातीत कफ भरतो, नाडी बहुधा मंद होते, दंडाचे व मांड्यांचे मांस बारीक बारीक उडू लागते. परंतु सर्वांत उपयोगी खूण डोळ्यात असते. बाहुली आक्रसून टाचणीच्या टोकाएवढी होते. ही पाहताना रोग्यास सावलीत आणावे. कारण उन्हात कोणाचीही बाहुली लहानच दिसते. त्याच उजेडात दुसऱ्या निरोगी माणसास शेजारी बसवून दोघांचे डोळे ताडून पाहिले म्हणजे शंका राहत नाही. कपड्यांस औषधाचा उग्र वास येत असेल तर तोही पुरावाच.

अशा वेळी रोग्याचे कपडे उतरवून साबण व भरपूर पाणी लावून अंग, केस, नखे धुवावीत. धुणाऱ्याने आपले हात त्या पाण्यापासून जपावेत. मुद्दाम ओकवू नये. औषधाची बाटली मात्र बरोबर न्यावी. तिच्या चिठ्ठीवर रंगीत खूण असते : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळी, मग निळी आणि शेवटी हिरवी. बागाईतदार अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र मिसळितात. तसे असल्यास सर्व बाटल्या न्याव्यात. गंधक किंवा बोर्डो मिश्रण फवारणाऱ्याची बाहुली अशी आक्रसत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेल्यास तोंडात व घशात चट्टे पडतात, रोगी पहिल्या दिवशी बोलता-चालता असतो, आणि पुढे मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. तेव्हा हा बरा दिसतो म्हणून घरी ठेवणे ही त्याच्या जिवाशी गाठ आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे कित्येक शेतकरी व मजूर दगावले. त्या घटनेनंतर तरी फवारणीनंतरच्या ओकारीस कोणी किरकोळ समजू नये.

आता विंचवाकडे वळू. कुंडलच्या डोंगरालगतच्या खडकाळ माळावर व बांधाच्या दगडांखाली विंचू पुष्कळ. लोक मोठ्या काळ्या इंगळीस भितात. वस्तुतः खरा घातक तो लहानसा तांबडा विंचू होय. त्याचे विष हृदयावर जाते. घाम व ओकारी येथेही असते, पण हातपाय बर्फासारखे गार पडतात, बाहुल्या आक्रसण्याऐवजी मोठ्या होतात, छाती धडधडते, आणि पुरुष रोग्यात शिस्न ताठ राहते. ही शेवटची खूण सांगण्यास लोक संकोच करितात, म्हणून येथे मुद्दाम लिहिली आहे. ती डॉक्टरांस न लाजता सांगावी. पुढे फुप्फुसात पाणी उतरून श्वास लागतो. वेदना कमी आहे म्हणून विष थोडे, असे मुळीच नव्हे.

ही लक्षणे जगासमोर नीट मांडण्याचे श्रेय महाराष्ट्रातील एका ग्रामीण डॉक्टरांकडे जाते. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करीत असताना विंचूदंशाची मुले मरताना त्यांनी पाहिली. ती कशी मरतात हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपले, आणि 1982 साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय पत्रात ती लक्षणे प्रसिद्ध केली. रक्तदाबावर वापरण्यात येणारे प्राझोसिन हे औषध ह्या विकारास गुणकारी असल्याचे त्यांनी 1986 साली त्याच पत्रात मांडले, व पुढे विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळच कमी झाले. 2022 साली त्यांस पद्मश्री मिळाली. आडगावच्या दवाखान्यात हाती मोठी यंत्रे नसतानाही रोग्याकडे नीट पाहण्याने केवढे काम होते, ह्याचे याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही.

सर्पांविषयी आपल्या भागास वेगळे सांगणे नको. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा तेथे निवडुंग व सर्प यांचेच राज्य होते. निवडुंग गेला, सर्प उसात शिरले. नाग चावल्यास दंशाची जागा सुजते व पुढे पापण्या जड होऊन मिटू लागतात. घोणस चावल्यास आग व सूज झपाट्याने चढते, हिरड्यांतून किंवा जुन्या जखमेतून रक्त वाहते, लघवी कमी होते. कारण ह्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच नष्ट होते. डॉक्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलविता ठेवितात व मग तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिले, तर विष अंगात भिनले असे समजावे. इतकी साधी परीक्षा, पण तिच्यावर उपचाराची दिशा ठरते.

मण्यारीचे प्रकरण मात्र निराळे आणि सर्वांत फसवे. ती रात्री येते व जमिनीवर निजलेल्यास चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण दिसत नाही, सूज नाही, आगही फारशी नाही. पहाटे पोटात दुखते व ओकारी होते. मनुष्य म्हणतो, काल रात्रीचे जेवण बाधले. मग पापण्या झुकतात, घोट गिळवत नाही, आवाज बसतो, मान टिकत नाही, आणि शेवटी श्वास थांबू लागतो. कुंडल येथील क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या गाळपासाठी दूरदूरहून ऊसतोड मजूर येतात आणि कोप्यांत भुईवर निजतात. त्यांच्या मुलाबाळांस हे भय विशेष. भुईवर निजलेल्या मनुष्याचे पहाटे पोट दुखले व पापण्या उचलेनात, तर दंशाची खूण शोधीत बसू नये. मण्यारच समजून निघावे. करणी, बाहेरचे वारे अशा समजुतीने भगताकडे नेलेला रोगी वाटेतच श्वास सोडतो. उलट, डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, असा मेल्यासारखा दिसणारा रोगीही कृत्रिम श्वासावर ठेवून व प्रतिसर्पविष देऊन पूर्ण बरा होऊ शकतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांवर मिळून एकच लस चालते. म्हणून साप मारून नेण्याचा खटाटोप व्यर्थ होय. दंशाची जागा कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे हे सर्व अपायकारक. तो अवयव फळीस बांधून हलू न देता न्यावा, व दंशाची वेळ लक्षात ठेवावी.

घाम येण्याची आणखी तीन कारणे थोडक्यात सांगतो. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवता शेतावर गेलेल्यास दरदरून घाम, कंप व भ्रम होतो. शुद्धीवर असल्यास साखरेचे पाणी द्यावे. पंधरा मिनिटांत तो सावरला, तर निदानही झाले व उपायही झाला. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काही घालू नये. उष्माघातात अंग भट्टीसारखे तापते व मनुष्य असंबद्ध बोलू लागतो. कातडी कोरडी असलीच पाहिजे असे नाही. कष्ट करणाऱ्यास घामही असतो. त्यास तेथल्या तेथे सावलीत नेऊन पाण्याने भिजवावे व वारा घालावा; गाडी येईपर्यंत थांबू नये. आणि थंड घाम, छातीवर दगड ठेवल्यासारखा भार, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, ही हृदयविकाराची लक्षणे. मधुमेही व वृद्ध स्त्रियांत कळ नसून नुसता दम व घाम असतो, आणि तेथेच पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहण्यात येते. सन 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक घरातील लहान मुलांसही पाठ असावा.

एक गोष्ट फवारणीच्या रोग्याविषयी राहिली. ॲट्रोपिनच्या सुयांनी लाळ थांबते, श्वास मोकळा होतो, आणि नातलग त्यास घरी नेण्याची घाई करितात. परंतु विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या आत मानेचे व श्वासाचे स्नायू पुन्हा एकाएकी दुबळे पडू शकतात. म्हणून डॉक्टर सोडीपर्यंत तेथेच राहावे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ रोग्यास उताणे निजवून उशीवरून मान उचलावयास सांगावे. ती उचलवली नाही, तर तत्काळ परिचारिकेस हाक मारावी.