पंख्याआधी छप्पर

एप्रिलमध्ये मुरबाड-शहापूरकडे शाळा सकाळच्या भरतात, तरी दहा वाजून गेले की पत्र्याच्या वर्गात डोकी तापू लागतात. माळशेजच्या पायथ्याला किंवा माहुलीच्या कुशीत, पाड्यावरची शाळा बहुधा एक-दोन खोल्यांची. पूर्वी अनेक शाळांवर कौले असायची. पावसाआधी ती चाळायची, माकडांनी फोडलेली बदलायची. ते झेपेना म्हणून पत्रे आले. गळती गेली, ऊन आत आले.

भर दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडते. गंजका पत्रा त्यातले बरेचसे शोषून ६० अंशांपर्यंत सहज तापतो आणि खालच्या अंगाने स्वतःच उष्णता फेकू लागतो. ३५ अंशांच्या छपराशी तुलना केली, तर दर चौरस मीटरला सुमारे पावणेदोनशे वॅट जास्त. ही उष्णता प्रारणाने थेट मुलांच्या अंगावर येते. पंख्याला ती अडवता येत नाही. तो हवा हलवतो, घाम सुकवतो, एवढेच.

मग नवा कोरा, चकचकीत पत्रा घालावा? तोही फसवा. उन्हाचा काही भाग तो परतवतो, पण तापल्यावर ती उष्णता आकाशाकडे सोडायला फार कंजूष. म्हणून नव्या पत्र्यालाही हात लावला तर चटका बसतो. पांढरा परावर्तक लेप मात्र ऊन परतवतो आणि तापलाच तर उष्णता झपाट्याने सोडतोही. पत्र्याखाली छत ठोकून मधल्या पोकळीत वाऱ्याला वाट ठेवली, तर आणखी उत्तम.

पैशाचे काय? समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्यातले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० मुलांपर्यंत २५,०००. वीजबिल, खडू, साफसफाई, किरकोळ डागडुजी, सगळे त्यातच. छपराला उरणार काय! मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजनाच्या निधीकडे डोळे लावायचे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, कुंपण सगळे आहे. खोली किती तापावी, याबद्दल अक्षर नाही.

पंख्यांसाठी शाळेवर सौर पॅनेल बसवायला माझा विरोध नाही. पण पॅनेलचे उद्घाटन होते, फोटो निघतो; पांढऱ्या लेपासाठी फीत कोण कापणार? आधी छप्पर, मग ७५ वॅटच्या जुन्या पंख्याच्या जागी ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा आणि एलईडी ट्यूब, असा क्रम लावला तर पॅनेलही लहान पुरेल.

एक अडचण इथल्या पावसाची. चार महिन्यांत लेपावर शेवाळ धरते, पांढरे काळवंडते आणि परावर्तन घटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर छप्पर घासून धुवावेच लागेल. त्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी करावी, नाहीतर तिसऱ्या उन्हाळ्यात लेप नावालाच उरेल.