खाऱ्या पाण्यातली चाके

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घेऊन धावणाऱ्या यांत्रिक होड्यांचा जो व्यवसाय अलीकडे जोमाने वाढला आहे, त्याची हकीकत लिहून आणावी असा संपादकांचा हुकूम होता, आणि तो शिरोधार्य मानूनच मी तिकडे गेलो होतो. परंतु होड्या, त्यांची इंजिने आणि लाटेवर आदळताना आनंदाने ओरडणारी मंडळी यांच्यापेक्षा, वाळूपासून थोडे आत, माडांच्या आडोशाला पत्र्याच्या शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाके उतरवलेल्या ट्रेलरांनीच माझे लक्ष अधिक वेधून घेतले. होडी पाण्यात असते तोवर समुद्र तिचा भार वाहतो. पण पावसाळ्याच्या तोंडी ती बाहेर काढून गावात न्यायची आणि गणपतीनंतर पुन्हा उतरवायची, तर तो सर्व भार ट्रेलरच्या दोन चाकांवर, किंबहुना त्या चाकांच्या पोटात दडलेल्या चार लहानशा बेअरिंगांवर येऊन पडतो. त्यांची देखभाल करणारा जो वृद्ध मिस्त्री त्या शेडीत बसतो, त्याच्याजवळ बसून राहण्यात माझा मुक्काम संपला, आणि मूळ विषय बाजूलाच राहिला.

बेअरिंग या यंत्रांगाचा दफ्तरी इतिहास मोठ्या मानाचा आहे. रोमजवळच्या नेमी सरोवराची पातळी उतरवून 1929 ते 1932 या काळात सम्राट कालिगुलाच्या ज्या दोन भव्य नौका उजेडात आणल्या गेल्या, आणि ज्या पुढे 1944 मध्ये आगीत भस्मसात झाल्या, त्यांच्या अवशेषांत फिरत्या चौथऱ्याखाली बसवलेले ब्राँझचे गोळे आढळले होते. 1794 मध्ये वेल्समधील फिलिप वॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. पण आमच्या ट्रेलरच्या चाकात बसते ते बेअरिंग हेन्री टिमकेनचे वंशज होय. अमेरिकेतील सेंट लुईस येथे घोडागाड्या बांधणाऱ्या या गृहस्थाने 1898 मध्ये निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्यातला प्रत्येक रूळ एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक असतो, आणि सर्व रुळांच्या कडा मनाने पुढे वाढवल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रूळ घसटत नाहीत, केवळ लोळतात, आणि वरून येणारे वजन व वळणावर बाजूने बसणारा रेटा असे दोन्ही भार एकाच वेळी सोसतात. इतकी सुबक भूमिती ज्या वस्तूत आहे ती तेलकट फडक्यात गुंडाळून खिशात घालता येते, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता प्रश्न असा, की मालाच्या ट्रेलरला वर्षानुवर्षे पुरणारी बेअरिंगे होडीच्या ट्रेलरला एका हंगामात दगा का देतात? पाणी लागते म्हणून, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. रस्त्याने धावत आलेल्या चाकाचा हब तापलेला असतो आणि त्याच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशा स्थितीत ट्रेलर मागे लोटत थेट समुद्रात घातला, की थंड पाण्याचा स्पर्श होताच ती हवा आकुंचते, आत पोकळी निर्माण होते, आणि मागच्या बाजूच्या ऑइल सीलच्या ओठाला बिलगून खारे पाणी आत ओढले जाते. म्हणजे पाणी आपण होऊन शिरत नाही. चाकच ते आत घेते. पुढचे काम मीठ निमूटपणे करते. ग्रीस पातळ दह्यासारखे पांढरट होते, रुळांवर टाचणीच्या अग्राएवढे गंजाचे खड्डे पडतात, आणि ते खड्डे रुळांच्या वाटेला खरडू लागले म्हणजे हब आणखी तापतो. तापलेला हब पुढच्या खेपेला अधिक पाणी ओढतो, हे ओघाने आलेच. म्हणूनच मिस्त्रीचा पहिला दंडक असा, की किनाऱ्यावर आल्यावर हब हाताला कोमट लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात जाता कामा नये. गिऱ्हाईक खोळंबलेले असते, भरती चुकत असते, आणि हा दंडक सर्रास मोडला जातो.

मिस्त्रीचे काम पाहणे हा एक संस्कार आहे. टोपण उचकटून काढले, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, खाचांचा नट सोडला, की बाहेरचे लहान बेअरिंग त्याच्या तळहातावर येते. हब ओढून घेतला म्हणजे आतले मोठे बेअरिंग आणि त्याच्या पाठीमागचे सील दिसू लागते. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन तो ते स्वच्छ फडक्यावर सुकत ठेवतो. शिकाऊ मुलाने घाईने हवेचा फवारा मारायला घेतला, तेव्हा त्याने त्याचा हात धरला. हवेच्या झोतात कोरडे बेअरिंग भरधाव फिरले तर रूळ ओरखडतात, प्रसंगी निखळून गोळीसारखे उडतात. मग कडेवर कोरलेला क्रमांक त्याने मला वाचायला लावला: 30205. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणावे, की आतल्या छिद्राचा व्यास मिलिमीटरांत मिळतो. पाच पाचे पंचवीस. दुकानात जाऊन ‘होडीच्या गाडीचे बेअरिंग’ मागणाऱ्यांविषयी त्याला मनस्वी चीड आहे.

ग्रीस भरण्याची त्याची रीत यंत्राविना आहे. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत दाबत ओढायची, आणि रुळांच्या मधून वरच्या बाजूला ग्रीसच्या बारीक वळ्या डोकावू लागेपर्यंत थांबायचे नाही. मग थोडे फिरवून पुढची जागा घ्यायची. बाहेरून माखलेले बेअरिंग आणि आतून भरलेले बेअरिंग दिसायला सारखेच असते, म्हणून हयगयीला येथे मोठा वाव आहे. ग्रीस तो लिथियमचे, दोन नंबरचे वापरतो. 25 अंश उष्णतामानाच्या ग्रीसमध्ये प्रमाणित शंकू पाच सेकंद सोडला असता तो 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतावा, असा या दोन नंबराचा दंडक आहे. मिस्त्री हीच परीक्षा बोटांच्या चिमटीत करतो. वेगळ्या जातीचे ग्रीस जुन्यावर चढवू नये, कारण ग्रीसमधले काही साबण परस्परांशी जमत नाहीत आणि दोन्ही पातळ होऊन वाहून जातात, ही गोष्टही तो मुलाला बजावून सांगत होता.

सर्वांत नाजूक काम नट आवळण्याचे. चाक फिरवत फिरवत नट प्रथम चांगला घट्ट करायचा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण सैल करून केवळ बोटांनी आवळायचा, आणि पिनेचे भोक जवळच्या खाचेशी जुळेपर्यंतच हलवायचा. आसावर हबाला किंचित खेळ उरला पाहिजे, मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास. मुलगा पाना लावून जोर करू लागला तेव्हा मिस्त्री म्हणाला, “वायच सैल सोड रे, तेका हलाक जागा व्हयी.” घट्ट म्हणजे मजबूत, ही आपल्या लोकांची समजूत या एका नटापाशी हमखास घात करते.

येथपर्यंत सारे सुरळीत वाटते. वस्तुतः शेडीतला बहुतेक वेळ अडचणींतच जातो. बेअरिंगचा आतला भाग, ज्याला मिस्त्री कोन म्हणतो, तो नवा घातला की हबात ठोकून बसवलेला बाहेरचा कपही नवाच घातला पाहिजे, कारण दोहोंची झीज एकमेकांच्या सोबतीने झालेली असते. पण तीन पावसाळे गंजलेला कप सहजी निघत नाही. पितळी ड्रिफ्ट आतून त्याच्या कडेवर टेकवून, एकदा या बाजूला व एकदा समोरच्या बाजूला असे आळीपाळीने हातोड्याचे घाव घालावे लागतात. एकाच बाजूला ठोकले तर कप तिरपा अडकतो आणि हबाची भिंत कायमची खरवडली जाते. ज्या कपाशी मी त्याला झगडताना पाहिले, त्यावर अखेर आतल्या अंगाला वेल्डिंगची एक रेघ ओढावी लागली. ती थंड होताना कप आकसला आणि हातोड्याच्या बेताच्या ठोक्याने खाली पडला. ही युक्ती कोणत्या पुस्तकातून घेतली असे मी विचारले, तर त्याला तो प्रश्नच कळला नाही.

त्याहून बिकट प्रश्न सुट्या भागांचा. ट्रेलर स्थानिक फॅब्रिकेटरने बांधलेले. कोणाला जुन्या जीपचे हब, कोणाला ट्रॉलीचे, तर कोणाचे बाहेरून आलेले आणि इंची मापाचे. सील मापाचे न मिळाल्यास ‘जवळपासचे’ बसवून वेळ मारून नेली जाते, आणि मग उत्तम भरलेले ग्रीसही व्यर्थ ठरते. नामांकित कंपनीच्या वेष्टनात नकली बेअरिंगे खपवली जातात, हे व्यापारात सर्वांना ठाऊक आहे. काही मालकांनी टोपणाच्या जागी स्प्रिंगच्या टोप्या बसवल्या आहेत, ज्या ग्रीसवर हलका दाब ठेवून पाण्याला मज्जाव करतात. कल्पना उत्तम, परंतु वरून पंपाने ग्रीस चेपले म्हणजे हब उघडण्याची गरज उरत नाही असे मालक समजतात, जादा दाबाने मागचे सील उलटते, आणि ज्या वाटेने ग्रीस बाहेर जाते त्याच वाटेने पाणी आत येते.

मी निघालो त्या दिवशी ठोकळ्यावर होता तो ट्रेलर असाच टोपीचा होता. बाहेरचे बेअरिंग निर्मळ, चकचकीत. आतल्याचे रूळ लालभडक, आणि सीलचा ओठ टेकतो तेथे आसावर नखाला लागेल एवढी चर पडलेली. अशा चरीवर नवे सील टिकत नाही. मालकाला एवढा हंगाम निभावून न्यायचा होता; मिस्त्रीने त्याला तोंडावर नकार दिला, चाक पुन्हा चढवले नाही, आणि आस सोडवून कुडाळच्या लेथवर पाठवण्याची तजवीज केली. टोक कापून नवे वेल्ड करून मिळायला किती दिवस लागतील हे लेथवाला सांगेल तेव्हा खरे. तोवर ती होडी पाण्यातच नांगरून ठेवावी लागणार होती, आणि पावसाला फार अवकाश नव्हता.